पॉइंटच्या खाली : वऱ्हाडातल्या घळी, कुंडं आणि एका दिवसाची पायपीट

चिखलदऱ्याचं पर्यटन काठावर उभं राहून होतं. देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन, मोझरी, प्रॉस्पेक्ट. माणसं गाडीतून उतरतात, कठड्याला टेकून खाली बघतात, पंचबोलला आरोळी ठोकून प्रतिध्वनी मोजतात, भाजलेलं कणीस खातात आणि पुढचा पॉइंट गाठतात. सिडकोने हाती घेतलेला 407 मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉकसुद्धा गोराघाट आणि हरिकेन या दोन पॉइंटच्या मधल्या दरीवरूनच जाणार. म्हणजे दरी बघायची ती पुन्हा वरूनच. खाली काय आहे, तिथे पायी जाता येतं का, कोणत्या महिन्यात, कोणाच्या सोबतीने, हे सांगणारा फलक मात्र सहसा दिसत नाही.

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सपुरता राहिलेला नाही. अमरावती-अकोल्याची मुलं-मुली शिकायला, नोकरीला अमेरिकेत जातात. तिथून अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनचे फोटो घरच्या ग्रुपवर येतात : दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी वाट, नारिंगी दगडावर पाण्याने काढलेल्या लाटा, आणि वरच्या फटीतून तिरका उतरणारा उजेड. मग इथला एखादा विचारतोच, आपल्या सातपुड्यात असं काही नाही का?

सरळ उत्तर द्यायचं तर, तसं नाही. पण तशा घळी कोरणारं पाणी इथेही आहे, माणसाला घेरणारं ऊन आहे आणि एका दिवसात उतरून चढून येता येतील अशा दऱ्याही आहेत. फरक आहे तो दगडात आणि सवयीत.

आधी दगडाचं. अ‍ॅरिझोना आणि युटाच्या अरुंद घळी वालुकाश्मातल्या आहेत. वाऱ्याने साठवलेल्या वाळूचा हा दगड जाड आणि बराचसा एकजिनसी असतो. त्याच्या एखाद्या उभ्या भेगेत पावसाचा लोंढा शिरतो आणि सोबतची वाळू कानशीसारखी तळ खरवडत जाते. वाळवंटी हवेत बाजूच्या भिंती झिजवायला ना रोजचा पाऊस, ना झाडांची मुळं. त्यामुळे घळ खोल होत जाते, रुंद होत नाही. अँटिलोप कॅनियन काही ठिकाणी 120 फुटांच्या आसपास खोल आहे आणि तळाशी एका माणसाला जेमतेम जाता येईल इतकी चिंचोळी. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी असते. म्हणूनच तिथे चालता येतं.

वऱ्हाडाच्या डोक्यावरचा सातपुडा म्हणजे गाविलगडचे डोंगर. ते मुख्यतः बेसाल्टचे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. एकावर एक पसरलेल्या थरांतला एक कठीण, खालचा सच्छिद्र आणि मऊ, त्याखाली पुन्हा कठीण. कठीण थराला उभ्या भेगा असतात. पाणी मऊ थर पोखरतं, वरचा कठीण थर आधार सुटून खांबाखांबाने कोसळतो आणि धबधबा मागे मागे सरकत जातो. यातून सरळ बोळ तयार होत नाही, पायऱ्यापायऱ्यांची दरी तयार होते. प्रत्येक पायरीखाली पाण्याने आपटून आपटून खोदलेला डोह, आणि दोन डोहांच्या मधे घराएवढ्या दगडांचा पसारा. वाळवंटातल्या घळीत माणूस चालतो. सातपुड्याच्या दरीत त्याला उतरावं लागतं, आणि प्रत्येक उताराच्या पायथ्याशी पाणी असतं. वऱ्हाडातल्या दऱ्यांची ओढ या एका फरकात आहे आणि तिथले बळीही याच फरकाने घेतले आहेत.

चिखलदऱ्याजवळच्या भीमकुंडाची गोष्ट घ्या. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी कथा. कुंडाची खोली मात्र ऐकीव माहितीत हजारो फुटांवर जाते. थोडा हिशेब केला तरी पुरे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1118 मीटरवर, पायथ्याचं अचलपूर-परतवाडा 370 मीटरच्या आसपास. दोन्हींतला सगळा फरक साडेसातशे मीटर, म्हणजे अडीच हजार फुटांच्या आत. तोही डोंगरमाथ्यापासून थेट मैदानापर्यंतचा. एका दरीची एका ठिकाणची खोली त्याहून जास्त असायला जमिनीच्या खालीच जावं लागेल. फुगवलेला आकडा ऐकून पर्यटक 'बाप रे' म्हणतो आणि काठावरच थांबतो. खरी दरी चारपाचशे फूट असली तरी ती पडून मरायला पुरेशी आहे आणि नीट वाट असेल तर उतरायला शक्य आहे. हा मधला मुद्दा आकड्याच्या नादात हरवतो.

या दऱ्या उतरता-चढता येतात याचा पुरावा पर्यटन खात्याने नाही, लढाईने दिला आहे. गाविलगडाभोवती तीन बाजूंनी दऱ्या, उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूने तेवढी जमिनीची मान. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेला नेल्या. त्या वाटेला बैल पुरे पडले नाहीत, माणसांनी हाताने ओढाव्या लागल्या. 15 डिसेंबरला बाहेरचा तट पडला, पण आतला किल्ला आणखी एका खोल घळीपलीकडे. तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीत उतरून पलीकडच्या तटाला शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी लढताना पडला. आज किल्ल्यात फिरणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोफा आणि दरवाजे बघून परततात. ज्या घळीने लढाईचा निकाल लांबवला, तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

बेसाल्टचं राज्य मोर्शीकडे गेलं की एका जागी मोडतं. सालबर्डी हे अमरावती आणि मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यांच्या सीमेवरचं ठिकाण. सातपुड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या गाविलगड भ्रंशाने इथे जुने खडक वर आणले आहेत : लाव्हाच्या आधीचे गोंडवना काळातले वालुकाश्म आणि त्यावरचे लमेटा थर. याच लमेटा थरांत अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची हाडं आणि अंड्यांचे अवशेष सापडले आहेत. अमरावतीच्या अभ्यासकांनी त्यावर बरंच काम केलं आहे. म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या दगडाचा दूरचा भाऊबंद वऱ्हाडात शोधायचा तर तो चिखलदऱ्याला नाही, सालबर्डीच्या बाजूला. त्याच डोंगररांगेत धारूळच्या परिसरात 2007 मध्ये डॉ. व्ही. टी. इंगोले आणि अमरावतीच्या त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना चित्रं असलेल्या शैलाश्रयांचा मोठा समूह सापडला. प्राणी, माणसं, शिकार. ही माणसं संशोधन संस्थेची पदवी घेऊन गेली नव्हती, सुट्टीच्या दिवशी जंगल तुडवत गेली होती. एका दिवसाच्या पायपिटीतून काय हाती लागू शकतं याचं विदर्भातलं याहून मोठं उदाहरण सांगता येणार नाही.

सालबर्डीचं दुसरं महत्त्व वेगळं आहे. इथल्या डोंगरातल्या महादेवाच्या गुहेची वाट अरुंद आणि ओलसर. वाकून, एकमेकांच्या मागे सरकत जावं लागतं. महानुभाव पंथीयांसाठीही ही जागा चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे पवित्र. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. ज्यांनी आयुष्यात 'ट्रेक' हा शब्द उच्चारलेला नाही अशा आजीबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून चढ चढतात, गुहेत शिरतात आणि संध्याकाळी बसने घरी जातात.

खरं तर वऱ्हाडात दरीत उतरण्याची रीत यात्रेनेच घातली. परतवाड्याहून जवळ असलेलं मुक्तागिरी बघा. जागा बैतूल जिल्ह्यात, पण येणं-जाणं सगळं अमरावतीकडून. धबधब्याच्या दोन्ही अंगांना डोंगरात बसवलेली 52 जैन मंदिरं, आणि सगळीकडे बांधीव पायऱ्या. खडी दरी, वरून कोसळणारं पाणी, तरी लहान मुलांसकट कुटुंबं निर्धास्त फिरतात. चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटलाही पायऱ्या उतरून खडकाखालच्या देवीपर्यंत जाता येतं. तिथे डोक्यावरच्या कपारीतून पाणी झिरपत असतं आणि जवळच चंद्रभागेचा उगम आहे. मुख्य पॉइंटांपैकी काठावरून खाली, दगडाच्या पोटात नेणारा हा एकच, आणि तिथे नेलं आहे ते भक्तीने.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या यात्रांचं वेळापत्रक आणि दरीत उतरायचा सुरक्षित काळ बराचसा एकच आहे. बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारीभर चालते, महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पाऊस संपलेला, नाले उतरलेले, डोह दिसण्याइतके निवळलेले, ऊन अजून चढलेलं नाही. हे कोणी ठरवून केलं असं म्हणण्याचं कारण नाही. शेतीची कामं उरकल्यावरच यात्रा भरणार. पण पर्यटनाचा हंगाम नेमका उलट आहे. चिखलदऱ्याला गर्दी होते ती जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी, धुकं आणि धबधब्यांसाठी. म्हणजे दरी सगळ्यात धोक्याची असते तेव्हाच माणसं तिच्या सगळ्यात जवळ जातात.

मैदानातही घळी आहेत, फक्त त्यांना कोणी निसर्गसौंदर्यात धरत नाही. सातपुड्याच्या दक्षिणेला पूर्णेचं खोरं शेकडो मीटर जाडीच्या गाळाने भरलेलं आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याचा खारपाणपट्टा तो हाच. पूर्णा आणि तिला मिळणारे नाले या मऊ गाळात उभेच्या उभे कापत जातात. काठावरच्या शेतातून चालताना अचानक पायाखालची जमीन संपते आणि खाली मातीच्या उभ्या भिंतींमधून वळणं घेत जाणारी कोरडी घळ दिसते. आकाराने बघितलं तर वऱ्हाडात वाळवंटी घळीच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे : अरुंद, नागमोडी, उभ्या भिंतींची, वर्षातले सातआठ महिने कोरडी. मात्र इथे फिरायला जाण्याचा सल्ला देता येत नाही. दगडाची भिंत शेकडो वर्षं उभी राहते, मातीची भिंत एका पावसात बसते. आणि शेतकऱ्याला ही घळ म्हणजे दर पावसाळ्यात धुऱ्याकडे सरकणारं नुकसान आहे. त्याच्यासमोर तिचे फोटो काढायला थोडा संकोच वाटला पाहिजे.

ज्याला खरोखरची दगडी बोळच चालायची आहे, त्याने रात्रीची गाडी पकडावी. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी ही महाराष्ट्रातली त्या जातीची सगळ्यात ओळखीची घळ. (अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यातला, अकोल्याच्या माणसाचा पत्त्यात गोंधळ होतो तो इथेच.) रतनगड, आजोबा आणि अलंग-मदन-कुलंगच्या शेजारात, बेसाल्टला पडलेल्या भेगेत ही सांदण साधारण दीडदोन किलोमीटर गेली आहे. काही ठिकाणी भिंती इतक्या जवळ येतात की दुपारखेरीज ऊन तळाला पोचत नाही. सुरुवातीलाच थंड पाण्याचा डोह लागतो. हंगामाच्या आरंभी तो कमरेपर्यंत, पुढे पुढे उतरत जातो. मग मोठमोठे धोंडे. दिवसाची फेरी करणारे पहिल्या मोठ्या उतारापाशी थांबून त्याच वाटेने परततात. त्याखाली दोर लावून कोकणाच्या बाजूला उतरणं हे निराळं काम आहे, तिथे प्रशिक्षित लोक लागतात. विदर्भातून मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पहाटे इगतपुरी, तिथून भंडारदरा मार्गे साम्रद, दिवसभर सांदण आणि रात्री परतीची गाडी असं नियोजन जमतं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला आहे. पावसाळ्यात सांदणीत उतरायचं नाही, कारण तेव्हा ती वाट नसते, पाण्याची पन्हळ असते.

सांदणीचा अनुभव वऱ्हाडाला काही शिकवतो का? शिकवतो. साम्रदच्या गावकऱ्यांनी दरीभोवती छोटा रोजगार उभा केला. गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत जातो, घरी पिठलं-भाकरी मिळते, तंबू लागतात. गर्दीचे, कचऱ्याचे प्रश्न आहेतच. तरीपण दरीत कोण उतरलं आणि कोण परतलं हे गावाला ठाऊक असतं.

ही शेवटची गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. एप्रिल 2003 मध्ये अ‍ॅरन राल्स्टन नावाचा अमेरिकी गिर्यारोहक युटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटा गेला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवस तो तिथेच अडकून राहिला आणि शेवटी हात कापून सुटला. त्याच्यावर पुस्तक झालं, सिनेमा निघाला. पण कुठे चाललो हे त्याने कोणालाच सांगितलेलं नव्हतं आणि म्हणून कोणी वेळेवर त्या जागी शोधायला आलं नाही, हा धडा सिनेमापेक्षा उपयोगाचा. मेळघाटच्या कित्येक दऱ्यांत आजही मोबाइलची रेंज नसते.

आणि पाणी. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. तो पडला होता कित्येक मैल वर, आणि लोंढा बंद बोळातून खाली आला. त्या दुर्घटनेनंतर तिथे पक्क्या लोखंडी शिड्या बसल्या. तिथल्या नावाहो जमातीच्या वाटाड्याशिवाय आज कोणालाही आत सोडत नाहीत. जॉर्डनमधल्या पेट्राच्या सिक घळीत दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी बांध आणि बोगदा करून पुराचं पाणी वळवलं होतं. पुढे ती व्यवस्था मोडकळीला आली आणि 1963 मध्ये तिथे वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक पुरात गेले. त्यानंतर बांध नव्याने बांधला गेला.

वऱ्हाडात हेच गणित जसंच्या तसं लागू पडतं, थोडं जास्तच. चिखलदऱ्याला वर्षाकाठी सरासरी दीड हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अकोल्याला त्याच्या साधारण निम्मा. वर धो धो पडत असताना खाली आकोट-तेल्हाऱ्याला रखरखीत ऊन असू शकतं. वाण, शहानूर आणि चंद्रभागा या नद्या डोंगरातून सुटून थोड्याच अंतरात मैदानाला लागतात, त्यामुळे वरचा पाऊस खाली यायला वेळ लागत नाही. 'नाल्याले पूर आला' हे वाक्य गावात सहज बोललं जातं, कारण गावकरी वरच्या काळ्या ढगाकडे बघून जनावरं आधीच अलीकडे आणतो. शहरातून आलेल्या पोराचं लक्ष आपल्या डोक्यावरच्या निळ्या आभाळाकडे असतं. त्यातच आता या तिन्ही नद्यांवर धरणं आहेत. दरवाजे उघडले की धरणाखालचा कोरडा दगड काही वेळात पाण्याखाली जातो, आणि त्यासाठी त्या दिवशी पाऊस पडायला हवा असंही नाही.

तरीही इथले बहुतेक मृत्यू लोंढ्याने होत नाहीत. ते डोहात होतात. वारी भैरवगडचा मामा-भाचा डोह, चिखलदऱ्याच्या बाजूचे जत्राडोह आणि कलालकुंड ही नावं वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा दुःखद बातमीत येतात. कारण पुन्हा त्याच दगडात आहे. आपटत्या पाण्याने खोदलेल्या डोहाला उतरता किनारा नसतो. दोन पावलांवर गुडघाभर आणि तिसऱ्या पावलावर तळ नाही. भिंत शेवाळलेली, धरायला काही नाही, आणि धबधब्याखालचं पाणी माणसाला आत ओढतं. शहरातल्या तरणतलावात शिकलेलं पोहणं तिथे फारसं कामी येत नाही. डोहाबाहेरचं पाणीही माणसं घेतंच. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले, तो व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. त्यानंतर राज्यात अनेक ठिकाणी धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले. बंदीचा आदेश काढणं सोपं असतं. कुठे उतरावं आणि कुठे नाही हे सांगणारी दोन माणसं हंगामभर उभी करणं अवघड असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी आदेशावरच भागतं.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी जमावबंदीचं कलम 144 लावलं होतं. वाळवंट वेगळं काय असतं? एप्रिल-मेमध्ये नरनाळा किल्ल्याचा चढ दुपारी चढणाऱ्याला पाण्याच्या दोन बाटल्या कुठेच पुरत नाहीत. काळा बेसाल्ट तापला की हात टेकवत नाही. शिवाय त्याच दिवसांत दरीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर अस्वल, बिबट्या, रानगवा सगळेच येतात. मेळघाटच्या माणसाला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक, आणि ती रास्त आहे. अस्वलाला ऐकू कमी येतं, दिसतं त्याहून कमी, आणि दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. उंच कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं हा दऱ्यांमधला आणखी एक विसरला जाणारा धोका. अत्तराचा फवारा, सिगारेटचा धूर किंवा पंचबोलसारखी आरोळी, यातलं एकही पुरे. अरुंद दरीत माश्या उठल्या तर पळायला जागाच नसते.

मग परवानगीचा प्रश्न येतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या 9 प्रकल्पांपैकी, 1973-74 पासूनचा. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि सभोवतालच्या गाभा क्षेत्रात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही, आणि येऊही नये. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्यांची सुंदर खोरी त्यामुळे बहुतांश पायी भटकणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. अकोला जिल्ह्यातला नरनाळा हाही अभयारण्यातच. शहानूरच्या वनविभागाच्या फाटकातून नोंद करून जावं लागतं. पण वर गेलं की 1487 चा कोरीव महाकाली दरवाजा आणि तटावरून सरळ खाली जाणाऱ्या दऱ्या यांनी दिवस सार्थकी लागतो. एका दिवसासाठी अकोलेकरांना याहून चांगली जागा नाही. जुन्या लोकांना या दऱ्या वेगळ्याच वाटेने ठाऊक आहेत. आकोटहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी वाण नदीच्या खोऱ्यातून, धुळघाटच्या वळशावरून जात असे आणि खिडकीतून सगळी दरी फुकटात दिसे. 2017 पासून ती गाडी बंद आहे. नवा ब्रॉडगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याचं ठरलं. जंगलाच्या हिशेबाने ते योग्यच, जरी खिडकी गेल्याची हळहळ राहणार.

तेव्हा 'जंगल बंद ठेवा' आणि 'सगळं उघडा' या दोन टोकांच्या मधे बराच मोकळा प्रदेश आहे : चिखलदरा गावाभोवतालचा पठाराचा काठ, गाविलगडाच्या घळी, सालबर्डी, नरनाळ्याची नेमलेली वाट. इथे पाचसहा आखलेल्या पायवाटा पुरतील. त्या दाखवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. कोरकू आणि गवळी वस्त्यांतल्या तरुणांना कुठल्या डोहाला तळ आहे आणि कुठल्या कपारीत मोहोळ आहे हे कोणत्याही नकाशापेक्षा नेमकं माहीत असतं. आज त्यांच्यापैकी बरेच जण कामासाठी बाहेर पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वाटाड्याच्या कामाचा हंगाम त्यांच्या गावातच उभा राहू शकतो. काचेच्या पुलाच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि इतकी वर्षं तो कोणाला सुचला नाही यात नवल वाटण्यासारखं फारसं नाही. पायवाटेचं उद्घाटन करता येत नाही.

जाणाऱ्यांनी तोवर एवढं करावं. दसरा-दिवाळीनंतर, थंडीत जावं आणि महाशिवरात्रीपर्यंत मोहीम उरकावी. निघण्याआधी केवळ आपल्या गावचा नाही, नदीच्या उगमाकडचा हवामान अंदाज बघावा. धरणाखाली जायचं असेल तर विसर्गाची चौकशी करावी. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली तर सामान सोडून आधी उंच जागा गाठावी. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावं, तळाची पकड चांगली असलेले बूट घालावेत, डोहात पोहण्याचा मोह टाळावा. गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याला घासाघीस न करता पैसे द्यावेत. किती वाजता परतणार हे घरी आणि गावात सांगून ठेवावं. सूर्य डोंगराआड जायच्या आत माथ्यावर यावं, कारण दरीत अंधार मैदानापेक्षा तासभर आधी होतो.